पर्यटनमंत्री, त्यांचं खातं आणि आपल्या गावचा प्रस्ताव: १९६७ पासून आजपर्यंत

पूर्णामाय:
राजेहो, एक विषय इथं एकदाचा एकत्र करून ठेवू. ग्रामसभेत पर्यटन निघालं की ठराव ठरलेला असतो: ‘गावचं हेमाडपंती देऊळ, तलाव व टेकडी पर्यटनस्थळ घोषित करावी, मा. पर्यटनमंत्र्यांना निवेदन द्यावं.’ निवेदन जातं, फोटो छापून येतो, पुढं काही हालत नाही. म्हणून तीन प्रश्न. हे मंत्रिपद कधीपासून आहे? आजवर कोणाकोणाकडं होतं? आणि त्या मंत्र्याच्या सहीनं नेमकं काय होऊ शकतं? ज्याला जे पक्कं माहीत आहे तेच लिहा. पक्षांची धुणी इथं धुवायची नाहीत.

दप्तरी:
सुरुवात थोडी मागून करावी लागेल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पर्यटन’ नावाची नोंदच नाही. केंद्राच्या यादीत नाही, राज्याच्या नाही, समवर्तीतही नाही. राज्याच्या यादीत ७ व्या क्रमांकावर तीर्थयात्रा आहेत. जंगल आणि वन्यप्राणी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती यादीत गेले. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं केंद्राकडं. म्हणजे पर्यटक ज्या गोष्टी पाहायला येतो, त्या आधीच दुसऱ्यांच्या नावावर आहेत. पर्यटनमंत्री हे पद या उरलेल्या जागेत तयार झालं, आणि त्याचा सगळा इतिहास त्यामुळंच असा आहे.

आपल्या राज्यात कॅबिनेट मंत्र्यांचं स्वतंत्र खातं म्हणून पर्यटन सुरुवातीला कोणी धरलं नाही. वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात १९६७ ते १९७२ या काळात प्रतिभाताई पाटील उपमंत्री होत्या. त्यांच्याकडं सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण आणि संसदीय कामकाज हे विषय होते. पाच विषयांतला एक, तोही उपमंत्र्याकडं. त्या तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादच्या आमदार होत्या. अमरावती त्यांचं सासर, आणि १९९१ ला त्या तिथूनच खासदार झाल्या. आपल्याकडं या पदाचा धागा तिथवर मागं जातो.

दुसरा टप्पा जानेवारी १९७५. पर्यटन विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमटीडीसी म्हणतो, ते १९५६ च्या कंपनी कायद्याखाली नोंदवलं गेलं. पुसदकर नाईकसाहेबांच्या मुख्यमंत्रिपदाचे ते शेवटचे आठवडे होते. २० फेब्रुवारी १९७५ ला ते पायउतार झाले. महामंडळ निघाल्यावर मंत्र्याच्या हाती पहिल्यांदा खोल्या, उपाहारगृहं आणि जागा आल्या. विदर्भात चिखलदरा, लोणार, ताडोब्याचं मोहर्ली, गोंदियाचं बोदलकसा इथली निवासं त्याचीच.

पण खातं म्हणून पर्यटन बराच काळ गृह विभागाच्या छत्राखाली होतं. जुने शासन निर्णय पाहिले तर वर ‘गृह विभाग (पर्यटन)’ असंच छापलेलं दिसतं. छगन भुजबळ १९९९ ला उपमुख्यमंत्री झाले तेव्हा गृह आणि पर्यटन दोन्ही त्यांच्याकडं होतं, ते त्याच रचनेमुळं.

झाडीपट्टी:
पोलिसाच्या खात्यात पर्यटन? काहून जी?

दप्तरी:
परदेशी पाहुण्यांची नोंद, हॉटेलांचे परवाने, बंदोबस्त ही कामं पोलिसांशी जोडलेली होतीच, त्यामुळं कारभाराच्या नजरेतून ते फार विचित्र नव्हतं. आता मंत्रालयात ‘पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग’ असा एक विभाग आहे. गोम इथंच आहे: विभाग एक, मंत्री बहुतेक वेळा दोन. २०२२ ते २०२४ मध्ये सांस्कृतिक कार्य सुधीर मुनगंटीवारांकडं, वनखात्यासोबत. आणि पर्यटन आधी मंगलप्रभात लोढा, मग गिरीश महाजन यांच्याकडं. राज्य पुरातत्त्व सांस्कृतिक कार्याच्या बाजूला येतं. म्हणजे राज्य संरक्षित देवळाचं पत्र पर्यटनमंत्र्याला दिलं तर ते त्याच विभागात पोचतं खरं, पण दुसऱ्या मंत्र्याच्या टेबलावर जावं लागतं. पत्रात विषय नीट नसेल तर कक्ष अधिकाऱ्यापाशीच पडून राहतं.

गाविलगड:
चिखलदऱ्याचं उदाहरण घ्या म्हणजे सगळं एका जागी दिसते. गाविलगड किल्ला भारतीय पुरातत्त्वकडं, म्हणजे केंद्राकडं. भोवतालचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं. गावाच्या नियोजनाचं काम सिडकोकडं, म्हणजे राज्याचं नगरविकास खातं. तो गोराघाट ते हरिकेन पॉइंटचा काचेचा पूल, ४०७ मीटरचा, तोही सिडकोचाच. केंद्राच्या वन व पर्यावरणाच्या परवानग्यांत तो किती रखडला ते साऱ्या अमरावती जिल्ह्याले माहीत हाय. लोक मात्र प्रत्येक पर्यटनमंत्र्याले त्याचाच जाब विचारतात. त्याच्या अखत्यारीत तिथं काय, तर महामंडळाचं निवास.

नरनाळ्याचंही तसंच. किल्ला केंद्रीय पुरातत्त्वचा, आणि तो उभा आहे अभयारण्यात. दोघांच्या परवानगीशिवाय तिथं पाण्याची टाकीसुद्धा बसत नाही.

दप्तरी:
आता यादीतली पुढची मुख्य नावं सांगतो, कारण पुढचा सगळा वाद यादीत दिसतो.

भुजबळ २०१० ते २०१४ मध्ये पुन्हा या खात्यावर होते, तेव्हा जोडीला सार्वजनिक बांधकाम. जुलै २०१६ च्या विस्तारात जयकुमार रावल आले: पर्यटन आणि रोजगार हमी. त्यांच्यासोबत राज्यमंत्री यवतमाळचे मदन येरावार. नंतर जानेवारी २०२० च्या खातेवाटपात आदित्य ठाकरे: पर्यटन, पर्यावरण आणि राजशिष्टाचार, राज्यमंत्री अदिती तटकरे. ३० जून २०२२ ला सरकार बदललं आणि ऑगस्टपर्यंत मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री असे दोघेच होते, त्या काळात वेगळा पर्यटनमंत्रीच नव्हता. ऑगस्ट २०२२ ला लोढा: पर्यटन, कौशल्य विकास, महिला व बालविकास. जुलै २०२३ ला महाजन: ग्रामविकास आणि पर्यटन. डिसेंबर २०२४ पासून शंभूराज देसाई: पर्यटन, खनिकर्म, माजी सैनिक कल्याण, राज्यमंत्री पुसदचे इंद्रनील नाईक, ज्यांच्याकडं पर्यटनाशिवाय उद्योग, बांधकाम, आदिवासी विकास असे आणखी विषय आहेत.

२०१६ नंतरच्या साडेआठ वर्षांत पाच कॅबिनेट मंत्री झाले. एकाही वेळी ‘फक्त पर्यटन’ असं खातं कोणाला मिळालेलं नाही.

पैनगंगाकाठ:
यात दरवेळी मंत्र्याचा दोष नसतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधलं. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३. खाती त्याहून जास्त, आणि आता तीन-तीन पक्ष वाटेकरी. जोडखाती होणारच.

माझं मत असं, की जोडखातं हेच या पदाचं खरं बळ ठरलंय. पर्यटनाचा स्वतःचा पैसा थोडा, म्हणून शेजारच्या खात्याचा हात लागतो. बांधकामासोबत असेल तर रस्ता आणि विश्रामगृह एका सहीत निघतं. ग्रामविकासासोबत होतं ते एक वर्ष सव्वा वर्ष आपल्या गावांसाठी सगळ्यांत सोयीचं होतं. कारण ‘ब वर्ग तीर्थक्षेत्र’ हा दर्जा ग्रामविकास विभाग देतो आणि ‘ब वर्ग पर्यटनस्थळ’ हा पर्यटन विभाग. दोन वेगळे दर्जे, दोन वेगळे विभाग, दोन वेगळे निधी. त्या काळात दोन्हीवर एकच मंत्री होता. आता ते पुन्हा वेगळं झालं.

गाविलगड:
पटलं नाही. जोडखात्यात पर्यटन नेहमी धाकटं असतं. आढावा बैठक बांधकामाची दोन तास आणि पर्यटनाची शेवटची दहा मिनिटं, हेच होते. त्यातल्या त्यात पर्यावरणाच्या जोडीच्या काळात धोरणं मात्र भराभर निघाली, हे मानतो: सप्टेंबर २०२० ला कृषी पर्यटन, ऑगस्ट २०२१ ला साहसी पर्यटन, आणि १ एप्रिल २०२१ पासून हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा, म्हणजे वीज आणि पाण्याचे दर उद्योगाच्या भावानं. कागद चांगले होते. पण यात गावच्या सार्वजनिक जागेसाठी काय होतं? एकट्या शेतकऱ्यासाठी होतं, हॉटेलवाल्यासाठी होतं.

झाडीपट्टी:
आमच्या ताडोब्याचं सांगा ना जी. पैसा तर सगळा इथंच येतो. मंत्र्यानं गेटचा भाव कमी केला, कोटा वाढवला, असं कधी झालं काय?

टिपणी:
होत नाही, कारण तो त्यांचा अधिकारच नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. गेट, जिप्सी, गाईड, बुकिंग, दर, सगळं वनखात्याचं. गेटचा पैसा ताडोबा-अंधारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानात जमा होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ३८-एक्स कलमाखाली अशी प्रतिष्ठानं आहेत. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावाला काही मागायचं असेल तर पत्र क्षेत्र संचालकाला आणि बफरच्या उपसंचालकाला. पर्यटनमंत्र्याला दिलेलं पत्र ‘वन विभागाकडे वर्ग’ असा शेरा होऊन फिरून तिथंच येतं, दोन-तीन महिने वाया घालवून.

आता मूळ प्रश्नावर, म्हणजे गावच्या प्रस्तावावर येतो.

पहिली गोष्ट: ग्रामपंचायतीला बहुधा जो दर्जा मिळू शकतो तो ‘क वर्ग’, आणि त्यासाठी मंत्रालयात जायची गरजच नाही. तो जिल्हा नियोजन समिती देते. १९९८ च्या कायद्यानं ही समिती आहे आणि अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे गावाच्या दृष्टीनं खरा पर्यटनमंत्री पालकमंत्रीच. दीक्षाभूमीला २०१६ मध्ये ‘अ’ दर्जा मिळाला तो राज्य सरकारच्या पातळीवर. त्या उदाहरणावरून आपल्या तलावाचा अंदाज बांधू नका.

प्रस्तावात ग्रामसभेचा ठराव लागतो, नुसत्या मासिक सभेचा नाही, आणि त्यावर ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक स्वच्छ पाहिजेत. जागेचा चालू सातबारा किंवा गावठाणातली असेल तर नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा). गटाचा नकाशा, त्यावर काम कुठं होणार ते लाल शाईनं दाखवलेलं. बांधकाम उपविभागानं चालू दरसूचीवर, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर, केलेलं अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता. देखभाल ग्रामपंचायत करील असं हमीपत्र. आणि वर्षभरात किती लोक येतात याचा काहीतरी पुरावा: यात्रेच्या वेळी एसटीनं सोडलेल्या जादा गाड्या, पोलीस बंदोबस्ताचं पत्र, देवस्थानची नोंदवही. ‘हजारो भाविक येतात’ एवढं लिहून पाठवलेला प्रस्ताव हमखास परत येतो.

अंदाजपत्रकात जुनी दरसूची वापरली की तांत्रिक मान्यता अडते, हा नेहमीचा घोळ. नवीन दरसूची आली की आकडे बदलून घ्या, प्रस्ताव पुढं गेल्यावर बदलता येत नाहीत.

दर्जा मिळाला म्हणजे पैसा मिळाला असं मात्र नाही. दर्जा हा रांगेत उभं राहायचा पास. निधी वेगळा मागावा लागतो: जिल्हा वार्षिक योजनेतून, नाहीतर पर्यटन विभागाच्या प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून. दुसरी योजना ही ती जागा, जिथं पर्यटनमंत्र्याची सही खरोखर चालते. आमदाराचं पत्र तिथं लावा. जिल्ह्याचा निधी ३१ मार्चला संपतो, बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधीप्रणालीवर उरलेला आकडा परत जातो, म्हणून प्रशासकीय मान्यता डिसेंबरच्या आत झाली तरच त्या वर्षी काम निघतं.

नागझिराकडे:
सातबाऱ्याबद्दल एक भर घालतो, पूर्व विदर्भासाठी ही सर्वांत मोठी अडचण आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन आहे. डोळ्यांना पडीक दिसते, महसूलच्या ताब्यात असते, म्हणून ग्रामपंचायत बिनधास्त तिथं बगिचा आणि पार्किंग दाखवते. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला स्पष्ट केलं की झुडपी जंगल हे वनच समजायचं. म्हणजे केंद्राची वन परवानगी लागणार. असा गट प्रस्तावात असला तर सरळ दुसरा गट शोधा. मंत्र्याच्या शिफारशीनं ही अडचण सुटत नाही.

वनहक्क कायद्याच्या ३(२) कलमाचा आधार कोणी सुचवील, तर तेही तपासून घ्या. त्यात एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडं तुटणार असतील तर ग्रामसभेच्या शिफारशीवर १३ सुविधांना परवानगी देता येते: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणीपुरवठा, समाजमंदिर वगैरे. पर्यटक निवास किंवा निरीक्षण मनोरा त्या तेरांत नाही. रस्त्यापुरतं बसतं.

गाविलगड:
आणि देऊळ केंद्रीय संरक्षित असेल तर १०० मीटरच्या आत कोणतंही नवं बांधकाम नाही, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनंच. २०१० ची दुरुस्ती. बांधकामाची जागा नकाशावर टेपनं मोजून मगच ठरवा. लोणारात दैत्यसूदनाभोवती हीच मेख आहे. तिथं सरोवर वनखात्याचं अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं लक्ष आहे ते वेगळंच. पर्यटनमंत्री कोणीही झाला तरी तिथं तो पाचवा-सहावा माणूस.

भूमिकन्या_वर्धा:
बचत गटाच्या बायांसाठी काही आहे का? सार्वजनिक जागेचं होईल तेव्हा होईल. न्याहारी-निवास, चुलीवरचं जेवण असं काही सुरू करायचं म्हटलं तर कोणाकडं जायचं? महामंडळाकडं की मंत्र्याकडं?

टिपणी:
ताई, दोन्हीकडं नाही. पर्यटन संचालनालयाकडं. महामंडळ ही कंपनी आहे, स्वतःची निवासं चालवते. नोंदणी आणि योजना संचालनालय पाहतं, त्याचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे; पश्चिम विदर्भासाठी अमरावतीला.

तुमच्या कामाचं ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण, जून २०२३ चं. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज सरकार परत करतं, जास्तीत जास्त साडेचार लाख रुपये किंवा सात वर्षं, जे आधी होईल तोवर. व्यवसाय ४१ प्रकारांतला पाहिजे, मालकी बाईची पाहिजे आणि कामावरच्या माणसांत निम्म्या तरी बाया पाहिजेत.

ध्यानात ठेवायची गोष्ट: हे अनुदान कर्जावर नाही, व्याजावर आहे. आधी बँकेनं कर्ज मंजूर करायला हवं. हप्ता आधी तुम्ही भरायचा, मग व्याज तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात येणार. एखादा हप्ता थकला तर त्या व्याजावर पाणी. बँकेत जाताना संचालनालयाचं पात्रता पत्र घेऊन जा, शाखेत या योजनेचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. शेती स्वतःची असेल आणि किमान एक एकर असेल तर कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी करा: सातबारा, आठ-अ, आधार, वीजबिल, जेवण देणार असाल तर अन्न परवाना, आणि शुल्काचं ग्रास चलन (सरकारी पैसे ऑनलाइन भरल्याची पावती). चलनावर विभाग पर्यटनच निवडलाय ना, ते दोनदा पाहा. चुकीच्या शीर्षात गेलेले पैसे परत मिळवायला अर्जापेक्षा जास्त वेळ लागतो.

झाडीपट्टी:
राज्यमंत्री आपले असले तर उपयोग होते का? येरावार झाले, आता पुसदचे हाय.

दप्तरी:
तेवढ्यापुरता होतो. राज्यमंत्र्याच्या नावापुढं खातं लागतं, पण अधिकार कॅबिनेट मंत्र्यानं लेखी वाटून दिलेल्या विषयांपुरतेच. फाइल त्यांच्याकडून गेली पाहिजे असं नसतं. त्यांचा खरा उपयोग दोन ठिकाणी: जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याची बैठक लावणं, आणि सभागृहात उत्तर देताना दिलेलं आश्वासन. सभागृहातलं आश्वासन नोंदलं जातं आणि आश्वासन समिती ते मागं लागून विचारते. म्हणून आमदाराला निवेदनापेक्षा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, मांडायला सांगा. प्रश्न नेमक्या मंत्र्याला गेला पाहिजे. किल्ल्याचा प्रश्न सांस्कृतिक कार्य मंत्र्याला, सफारीचा वनमंत्र्याला, ‘प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून अमुक गावाला मंजूर निधी’ हा पर्यटनमंत्र्याला.

पूर्णामाय:
लय चांगलं झालं. शेवटचं विचारतो: आधीच दिलेलं निवेदन कुठं अडलं ते कसं काढायचं? आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनाले मंत्री येतात तेव्हा भेटून फायदा हाय का?

दप्तरी:
माहिती अधिकारात काढा. १० रुपये शुल्क, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइनही होतं. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं ‘निवेदनाचं काय झालं, का झालं, कोण जबाबदार’ असं लांबण लावू नका. एवढंच मागा: आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, या पत्रावरील टिपणीची प्रत आणि आजची स्थिती. प्रतीला पानामागं २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडं दुसरं.

नागपूरचं म्हणाल तर, कॅबिनेट मंत्री रविभवनात आणि राज्यमंत्री नागभवनात उतरतात. भेट होते, गर्दीत पत्र हातात घेतात, वर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा पडतो. शेऱ्याच्या पत्राचा फोटो काढून घ्या आणि त्याच दिवशी मंत्र्याच्या कार्यालयात आवक क्रमांक घ्या. नाहीतर अधिवेशन संपल्यावर पेट्या मुंबईला जातात आणि तुमचं पत्र कोणत्या पेटीत आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. पत्र तीन प्रतींत न्या: एक पर्यटनमंत्री, एक पालकमंत्री, एक पोच घ्यायला. पालकमंत्र्याच्या प्रतीवर विषय वेगळा लिहा, ‘क वर्ग दर्जासाठी जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत विषय घेणेबाबत’. आणि जमीन झुडपी नाही याचा तलाठ्याचा दाखला तिन्ही प्रतींना जोडा.